खालची कवळी

माणसाने भांडून उठून जावं, त्याला आमची हरकत नाही. फक्त उठण्यापूर्वी आपल्या तोंडात काय आहे एवढं बघून घ्यावं. फलाटरावांनी ते बघितलं नाही आणि पुढचं सगळं रामायण त्यातून घडलं.

फलाटराव हे अर्थात त्यांचं खरं नाव नव्हे. चौतीस वर्षं त्यांनी शहराच्या बसस्थानकावर काचेच्या एका खोलीत बसून कोणती बस कोणत्या फलाटावर लागली आहे ते ध्वनिक्षेपकावरून सांगितलं, आणि त्याबद्दल शहराने त्यांना हे नाव दिलं. आवाज असा की पेंगणारा माणूस पिशवी उचलून उभा राहायचा. उच्चार असे की कुठल्याही आडगावाचं नाव त्यांनी घेतलं म्हणजे त्या गावालाही जरा बरं वाटत असावं. एवढ्या नोकरीत त्यांच्या नावावर एकच मेमो होता, तोही पहिल्या वर्षातला, एक बस नऊ मिनिटं उशिरा सुटल्याबद्दल. त्याचं कारण त्यांनी साहेबांना सांगितलं नव्हतं आणि बायकोलाही सांगितलं नव्हतं. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली, तरी मेमोचा विषय निघाला की ते खिडकीबाहेर बघायला लागत.

दुसरे गृहस्थ डॉक्टर. दातांचे. शाळेत दोघे एका बाकावर बसायचे, तेव्हापासून दोघांचं कशावरही एकमत झाल्याचं कोणाला आठवत नाही. डॉक्टर कोणत्या पक्षाचे आणि फलाटराव कोणत्या, हे आम्ही सांगणार नाही, कारण सांगितलं तर अर्धे वाचक इथेच उठून जातील आणि उरलेले अर्धे उगाच खूश होतील. एवढंच सांगतो की एका निवडणुकीला दोघांनी ठरवलं, आपली मतं एकमेकांना कापतात, तर उन्हात कशाला जायचं, घरी बसून पत्ते खेळू. पत्ते अकराला सुरू व्हायचे होते. दहा वाजता दोघे मतदानाच्या रांगेत समोरासमोर भेटले. त्यानंतर प्रत्येक निवडणुकीला ते डॉक्टरांच्या स्कूटरवरून एकत्रच जातात, म्हणजे लक्ष ठेवता येतं.

अशी ही चाळीस-पन्नास वर्षं मुरलेली मैत्री. ती मोडायला बससेवा कारण झाली.

झालं असं की शहराची बससेवा एका कंपनीच्या हवाली करायचा बेत निघाला होता. डॉक्टर म्हणायचे, फार छान होईल. फलाटराव म्हणायचे, गरिबाच्या गावाला बस जायची बंद होईल. यावर रोज संध्याकाळी तास-दोन तास बरे जात. त्यातच आगारातून फलाटरावांना पत्र आलं. स्थानकावर आता घोषणेचं यंत्र बसणार होतं, पण यंत्रात आवाज माणसाचाच भरायचा होता, आणि आगाराला फलाटरावांचाच आवाज हवा होता. दोनशे चौदा गावांची नावं, बारा फलाटांचे आकडे आणि ‘सुटणार आहे’, ‘उशिरा येत आहे’ अशी पाच-सहा वाक्यं. तारीख अठरा. पत्र वाचून फलाटराव दोन दिवस आरशासमोर गावांची नावं घेत होते. आपण नसलो तरी आपला आवाज त्या स्थानकावर राहील, लोक त्यावर सामान उचलतील, या विचाराने त्यांना दोनदा भरून आलं. ते त्यांनी सर्दीवर ढकललं.

अडचण दातांची होती. वरची कवळी डॉक्टरांनी गेल्या वर्षी करून दिली होती आणि ती दृष्ट लागण्यासारखी बसली होती. पण खालच्या दातांनी याच वर्षी एकेक करून राजीनामे दिले. खाली नुसती हिरडी असताना गावांची नावं घेतली तर कोणतं गाव कुठे जाईल याचा नेम नव्हता. तेव्हा एका सकाळी फलाटराव मापं द्यायला डॉक्टरांच्या खुर्चीत बसले.

माप घ्यायचं म्हणजे नालेच्या आकाराच्या एका पत्र्याच्या साच्यात गुलाबी लगदा भरतात आणि तो साचा हिरडीवर दाबून धरतात. चार मिनिटांत लगदा घट्ट होतो. या चार मिनिटांत रुग्णाला बोलता येत नाही. डॉक्टरांच्या दवाखान्याला तीसएक वर्षं झाली होती, पण समोरचा माणूस बोलू शकत नाही या गोष्टीचा फायदा त्यांनी कधी घेतला नव्हता. त्या दिवशी कशी कोण जाणे, बुद्धी फिरली.

“आता निवांत ऐक,” साचा दाबून धरत डॉक्टर म्हणाले, “तू मला कधी वाक्य पुरं करू देत नाहीस.”

आणि त्यांनी कंपनी या विषयावर सुरुवातीपासून शेवटापर्यंत भाषण केलं. समोरच्या भिंतीवर घड्याळ होतं. फलाटरावांचं सगळं आयुष्य घड्याळाकडे बघण्यात गेलेलं, त्यामुळे हिशेब पक्का होता. चार मिनिटं झाली, लगदा दगड झाला, डॉक्टरांच्या लक्षात नाही. सात मिनिटं झाली. फलाटराव घशातून निषेध नोंदवत होते, तो डॉक्टरांना होकार वाटत होता. दहाव्या मिनिटाला डॉक्टर रंगात येऊन म्हणाले, “लांब कशाला, तुझंच घे. चौतीस वर्षं नुसती गावांची नावं वाचायला सरकारनं एक माणूस पोसला. ते काम टेपरेकॉर्डरनं केलं असतं.”

फलाटराव उठले. अकरा मिनिटं झाली होती. गळ्यात साखळीने अडकवलेला निळा रुमाल, ओठांतून बाहेर आलेली साच्याची चपटी दांडी, आणि डोळ्यांत पाणी, अशा थाटात ते जिना उतरून रस्त्यावर आले. मागून डॉक्टर “अरे, माप, माप” करत होते. दवाखान्यातल्या ताई, ज्या वीस वर्षं तिथे रुग्णांची नावं पुकारायचं काम करत होत्या, त्या दारापर्यंत आल्या, पण फलाटरावांनी मागे वळून बघितलं नाही.

अपमान झालेल्या माणसाला रस्त्यावर नेमकी ओळखीची माणसं भेटतात. पहिला भेटला कोपऱ्यावरचा औषधवाला. त्याने दांडीकडे बघून विचारलं, “ताप बघताय?” पुढे फलाटरावांच्याच इमारतीतले वकील भेटले. वकिलांना समोरचा माणूस बोलत नसला की फार हुरूप येतो. त्यांनी फलाटरावांना सावलीत उभं करून पाण्याच्या टाकीचा वाद सविस्तर सांगितला आणि शेवटी म्हणाले, “बरं झालं, तुम्ही तरी काही फाटे फोडले नाहीत.”

घरी बायकोने दार उघडलं. तिने नवऱ्याकडे, रुमालाकडे आणि दांडीकडे बघितलं आणि त्यांना स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसवलं. चमच्याची मागची बाजू घालून, थोडं कोमट पाणी सोडून, तिने पाच मिनिटांत तो साचा सोडवला. उजेडात धरून बघितला.

“अहो, माप मात्र सुरेख आलंय,” ती म्हणाली.

“फेकून दे,” फलाटराव म्हणाले. निदान त्यांना तसं म्हणायचं होतं. खालच्या दातांशिवाय बाणेदार बोलणं किती अवघड आहे ते त्यांना तेव्हा कळलं.

म्हणून त्यांनी पत्र लिहिलं. दोन पानी. पहिल्या पानावर बससेवा, गरीब गावं आणि कंपन्यांची नियत. दुसऱ्या पानावर डॉक्टर. तिथे त्यांनी लिहिलं की दात उपटण्यापलीकडे ज्याचा समाजाशी काडीचा संबंध आला नाही, त्याने चौतीस वर्षं लोकांची सेवा केलेल्या माणसाला पोसलेला म्हणू नये. वाक्य झक्कास उतरलं होतं. खोटं होतं, एवढाच त्यात दोष होता. दर गुरुवारी दुपारी डॉक्टर स्थानकावरच्या हमालांचे आणि सफाईवाल्यांचे दात फुकट बघत, आणि त्यातले निम्मे फलाटरावांनीच पाठवलेले असत. हे आठवून त्यांची लेखणी जरा अडली. पण वाक्य झक्कास होतं, आणि माणूस रागात असला की झक्कास वाक्य खोडवत नाही.

दवाखाना घरापासून चार मिनिटांच्या अंतरावर. तरी पत्र गेलं रजिस्टर्ड, पोचपावतीसह. चौथ्या दिवशी पोचपावती आली. तीवर डॉक्टरांची सही होती, नेहमीची, शेपटी उडवलेली. फलाटरावांनी ती सही तीन वेळा बघितली आणि पावती चष्म्याच्या डबीत ठेवून दिली.

आता इमारतीला सल्ला द्यायला विषय मिळाला. वकील म्हणाले, “तो साचा त्यांच्या मालकीचा आहे. तुम्ही तो परत केला नाहीत तर अपहार होतो. पण परत केलात तर माघार होते. मला आधी तो साचा दाखवा.” फलाटराव साचा आणायला स्वयंपाकघरात गेले, तर बायकोने तो ज्यात ठेवला होता तो वाडगा रिकामा. बायको म्हणाली, “तुम्हीच नाही का म्हणालात, फेकून दे?” औषधवाल्याचं मत असं पडलं की मैत्रीत राजकारण आणूच नये, क्रिकेट आणावं. त्याचं स्वतःचं भाऊबंदांशी क्रिकेटवरून सात वर्षं बोलणं बंद होतं, पण सल्ल्याला ती गोष्ट आड येत नव्हती. वरच्या मजल्यावरच्या आजी म्हणाल्या, दात नसले तरी माणूस जगतो, मी नाही का जगले. त्या काय म्हणाल्या ते कोणालाच नीट कळलं नाही, आणि फलाटरावांना तोच मोठा धडा वाटला.

शेवटी वकिलांनीच दुसरा डॉक्टर सुचवला. “आपल्याच विचारांचा आहे,” ते खासगी आवाजात म्हणाले.

आपल्या विचारांचा डॉक्टर खरोखरच आपल्या विचारांचा निघाला. फलाटराव खुर्चीत बसायच्या आतच तो म्हणाला, “बससेवा विकणं म्हणजे पाप आहे.” फलाटराव म्हणाले, “तेच तर.” तो म्हणाला, “गरिबानं जायचं कुठे?” फलाटराव म्हणाले, “हो ना.” पहिल्या भेटीत हे संभाषण अमृतासारखं वाटलं. दुसऱ्या भेटीत पुन्हा तेच झालं. तिसऱ्या भेटीत फलाटरावांनी मुद्दाम एक मुद्दा उलटा मांडून बघितला, म्हटलं, “पण कंपनीच्या गाड्या स्वच्छ असतील म्हणतात.” तर तो डॉक्टर म्हणाला, “तेही खरंच.” फलाटरावांना एकदम फार एकटं वाटलं. खुर्चीत, दिव्याखाली, तोंड उघडं ठेवून माणसाला एकटं वाटू नये खरं, पण वाटलं.

शिवाय या डॉक्टरने एक गोष्ट त्यांना न सुखावणारी केली. वरची कवळी काढून ती उजेडात फिरवत तो म्हणाला, “ही कोणी केली हो? काय हात आहे. ही बघा, टाळूची कड बघा.” फलाटराव म्हणाले, “आहे एक जण.”

नवी खालची कवळी तयार झाली. तोंडात घालून फलाटरावांनी आरशासमोर पहिलं गाव घेतलं. कवळीने दुसरंच घेतलं. ‘ट’ आला की खट्‌ असा आवाज यायचा, ‘स’ आला की शिट्टी वाजायची, आणि ‘फलाट क्रमांक सात’ म्हटलं की खालची कवळी उडी मारून वरचीला भेटायला जायची. आपल्या विचारांच्या डॉक्टरने तीनदा घासून दिली. चौथ्यांदा तो कंटाळून म्हणाला, “जबडा घट्ट धरता तुम्ही. मापाच्या वेळी सैल सोडायला हवा होता. मनात काही आहे का?”

“काही नाही,” फलाटराव म्हणाले, आणि कवळी खट्‌ वाजली.

त्यात अठरा तारीख पाच दिवसांवर आली आणि आगाराच्या कार्यालयातून निरोप आला की एक नमुना भरायचा राहिला आहे. फलाटराव गेले. खिडकीत एक कारकून बाई होत्या. त्यांनी फलाटरावांना ओळखलं, उभं राहून नमस्कार केला, लहानपणी तुमच्या आवाजावर आम्ही बस धरायचो म्हणाल्या, आणि मग खाली बसून कारकून झाल्या.

“आवाजाच्या तंदुरुस्तीचा दाखला लागेल. कृत्रिम दात असतील तर ते बसवणाऱ्या डॉक्टरचा. वरची कवळी कोणाची?”

“माझीच.”

“तसं नाही हो. केली कोणी?”

फलाटरावांनी सांगितलं.

“आणि खालची?”

तेही सांगितलं. बाईंनी नमुना उलटासुलटा करून बघितला. “दोन डॉक्टर बसत नाहीत यात. रकाना एकच आहे, शिक्का एकच. शिवाय खाली छापलंय बघा, दोन्ही कवळ्या एकमेकींशी जुळतात असं प्रमाणित करण्यात येते.”

“कोणी छापलं हे?”

“वरून आलंय. ड्रायव्हर भरतीचा नमुना आहे, तोच थोडा बदललाय. तुम्ही असं करा,” बाईंनी आवाज मवाळ केला, “वरचीवाल्याकडून घ्या दाखला. वरची चांगली दिसतेय.”

फलाटराव आपल्या विचारांच्या डॉक्टरकडे गेले. तो म्हणाला, तुमचं म्हणणं पटतं, शासन असंच असतं, पण या दोन कवळ्या जुळतात असं लिहून द्यायला मला धीर होत नाही. त्याचा हा पहिला मतभेद, आणि तोही नेमका नको तिथे.

तेव्हा राहता राहिला एकच शिक्का. फलाटरावांनी आधी दवाखान्यात फोन केला. ताईंनी उचलला. फलाटराव म्हणाले, मी एक त्रयस्थ माणूस बोलतोय, एका दाखल्याबद्दल विचारायचं होतं. चौतीस वर्षं साऱ्या शहराने ऐकलेला आवाज, त्याला आता खट्‌ आणि शिट्टीची जोड. ताई म्हणाल्या, “थांबा हं, त्रयस्थ भाऊजी, विचारते.” मग पलीकडून कुजबुज ऐकू आली आणि ताई म्हणाल्या, “डॉक्टर म्हणतात, तपासल्याशिवाय ते सख्ख्या भावालाही दाखला देत नाहीत. समक्ष यावं.”

बायको शेजारी भाजी निवडत होती. ती वर न बघता म्हणाली, “जा की. ते काही खाणार नाहीत तुम्हाला. आणि खाल्लं तरी त्यांना दात आहेत, तुम्हाला नाहीत. दोन आठवडे झाले, तुम्ही घरात माझ्याशी बससेवेवर वाद घालताय. मला त्यातलं काही कळत नाही आणि तुम्हाला माझ्याशी मजा येत नाही, ते मला दिसतं.”

फलाटराव गेले, पण तत्त्व सोडून गेले नाहीत. खिशात चार पानांचे मुद्दे होते. दवाखान्यात बाहेर तीन रुग्ण बसले होते. डॉक्टर आत हात पुसत उभे होते. दोघांनी एकमेकांकडे बघितलं. डॉक्टर जरा वाळल्यासारखे वाटले, पण तसं म्हणण्याची ही वेळ नव्हती.

“बस,” डॉक्टर म्हणाले.

“तू बस,” फलाटराव म्हणाले. “अकरा मिनिटं बोललास तू. माझं तोंड भरलेलं होतं. आता तू खुर्चीत बसायचं, साचा तोंडात घ्यायचा, आणि मी अकरा मिनिटं बोलणार. मग माझे दात तपास, नाहीतर तपासू नकोस.”

डॉक्टरांनी पांढरा डगला काढून खुंटीला लावला, खुर्चीत बसले, निळा रुमाल स्वतःच गळ्यात अडकवला आणि ताईंना म्हणाले, “खालचं माप. लगदा पुरता घट्ट भिजवा.”

“चार मिनिटांत निघेल तो,” ताई म्हणाल्या, “अकरा मिनिटांना तीनदा भिजवावा लागेल.”

“एकदाच भिजवा,” फलाटराव म्हणाले, “माझ्या वेळी एकदाच भिजवला होता.”

ताईंनी साचा भरून दिला. फलाटरावांनी तो स्वतःच्या हाताने डॉक्टरांच्या तोंडात बसवला, जरा वाकडाच. घड्याळ बघितलं. मग खटखटीपेक्षा बोबडं बरं म्हणून खालची कवळी काढून खिशात टाकली, मुद्दे उलगडले आणि सुरुवात केली.

पहिला मुद्दा दणक्यात गेला. डॉक्टरांच्या कपाळाला आठ्या पडल्या, बोट वर आलं, पण तोंडातून नुसता हुंकार निघाला. फलाटरावांना बरं वाटलं. दुसऱ्या मुद्द्यात आकडे होते, किती गावांना सध्या बस जाते आणि उद्या किती गावांची तुटेल. तो वाचताना ते एका ठिकाणी सवयीने थांबले. या ठिकाणी डॉक्टर नेहमी म्हणायचे, “आकडा कुठून आणलास?” आणि मग फलाटराव म्हणायचे, “तुझ्या पेपरातून,” आणि मग डॉक्टर चष्मा काढायचे. आता खोली शांत होती. घड्याळाचा काटा तेवढा ऐकू येत होता. डॉक्टर रुमाल बांधून, गाल फुगवून, त्यांच्याकडे बघत होते. डोळे मोठे आणि ओले दिसत होते. ते लगद्यामुळे असेल किंवा नसेल.

फलाटरावांनी तिसरा मुद्दा सुरू केला. त्यांच्या स्वतःच्याच कानाला तो पोकळ लागला. चौतीस वर्षं ते काचेमागून बोलले होते आणि कोणी उलट उत्तर दिलं नव्हतं, फलाट नुसता ऐकायचा. उलट उत्तर देणारा माणूस संध्याकाळी भेटायचा. त्याच्यासाठी तर ते दिवसभर मुद्दे जमवायचे. तीन मिनिटं चाळीस सेकंद झाली होती. फलाटरावांनी कागद खाली ठेवला.

“अरे, बोल की काहीतरी,” ते म्हणाले. आवाज जरा फाटला. “मला असं नाही बोलता येत. तू गप्प बसलास की मला माझंच म्हणणं पटेनासं होतं. दोन आठवडे मी हो ना, हो ना ऐकतोय. मला तुझ्यावाचून करमत नाही, झालं?”

आणि त्यांनी साचा धरून ओढला. डॉक्टरांचे दात शाबूत होते, त्यामुळे तो सहज निघेना. दोघांनी मिळून ओढला तेव्हा कुठे निघाला. डॉक्टरांनी गुलाबी तुकडे थुंकले, चूळ भरली आणि पहिलं वाक्य बोलले.

“दुसऱ्या मुद्द्यातला आकडा चुकलाय. जुना आहे तो.”

“कुठून आणला विचार.”

“माझ्या पेपरातून आणला असशील. चुकलाच आहे तरी.” मग डॉक्टर थोडा वेळ हातातल्या साच्याकडे बघत राहिले. “हे बघ. कंपनीबद्दल माझं मत होतं तेच आहे. ते बदलणार नाही. पण ते टेपरेकॉर्डरचं माझं मत नव्हतं. बोलण्याच्या भरात तोंडातून गेलं. त्या दिवसापासून मला झोप नाही.”

“जाऊ दे.”

“जाऊ दे काय? माझी शेवटची परीक्षा होती. आदल्या रात्री वडिलांना बरं नव्हतं म्हणून मी घरी आलो होतो. सकाळी निघायला उशीर झाला. मी पुलावर होतो, पळत होतो, आणि तिथपर्यंत तुझा आवाज येत होता. बस सुटणार आहे. पुन्हा, बस सुटणार आहे. पुन्हा. तू ते इतक्यांदा सांगितलंस की ड्रायव्हरला वाटलं अजून कोणीतरी मोठा माणूस यायचाय. मी चढलो तेव्हा बस नऊ मिनिटं उशिरा होती.”

फलाटराव खिडकीबाहेर बघायला लागले.

“मेमोचं मला नंतर कळलं,” डॉक्टर म्हणाले, “तुमच्या त्या वेळच्या साहेबांची दाढ काढली तेव्हा. तू कधी बोलला नाहीस म्हणून मीही बोललो नाही. टेपरेकॉर्डरनं माझ्यासाठी बस थांबवली नसती रे.”

ताई उगाचच हत्यारं पुसत होत्या.

“माझ्या पत्रातलं दुसरं पान खोटं आहे,” फलाटराव शेवटी म्हणाले.

“ठाऊक आहे. आणि पहिलं?”

“पहिलं खरंच आहे.”

“मग दुसरं फाडून टाकतो. पहिल्याला उत्तर लिहितोय मी, सात पानं झालीत.”

डॉक्टरांनी डगला चढवला आणि टेबलाचा खण उघडला. आत पाण्याच्या डबीत एक नवी कोरी खालची कवळी होती. फलाटरावांनी डोळे बारीक करून बघितलं. शेजारी तो त्यांचाच साचा, दांडी वाकलेला.

“हा इथे कसा?”

“वहिनी दुसऱ्याच दिवशी देऊन गेल्या. म्हणाल्या, फेकायला सांगितलाय, तर तुमच्याकडे फेकते. माप मात्र सुरेख आलं होतं. रागात जबडा घट्ट धरलेला असतो म्हणतात, पण लगदा घट्ट होईपर्यंत तू रागात नव्हतास, नुसता ऐकत होतास. त्यात माप चांगलं येतं. बस आता. सैल सोड.”

फलाटराव खुर्चीत बसले. त्यांनी जबडा सैल सोडला. दोन आठवड्यांत पहिल्यांदाच तो आपण होऊन सैल सुटला. कवळी आत गेली आणि आपल्या जागी अशी बसली की जणू सकाळी फक्त दात घासायला उठली होती. डॉक्टरांनी दोन्ही बाजूंनी बोटं फिरवून बघितली, दाखल्यावर शिक्का मारला, ‘एकमेकींशी जुळतात’ याखाली शेपटी उडवून सही केली आणि म्हणाले, “बोलून बघ काहीतरी.”

फलाटराव ताठ झाले. त्यांनी घसा साफ केला, घड्याळाकडे बघितलं, आणि चाळीस वर्षांपूर्वीची ती बस, जशीच्या तशी, सावकाश, प्रत्येक अक्षर सुटं करून, त्या छोट्या खोलीत उभी केली.

“प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावं. नदीपलीकडे जाणारी सकाळची सात पंचवीसची जलद बस फलाट क्रमांक चारवर उभी आहे. ही बस सुटणार आहे.” ते थांबले. डॉक्टरांकडे बघितलं. “ही बस सुटणार आहे.”

ना खट्‌, ना शिट्टी. बाहेरच्या खोलीत गडबड झाली. ताईंनी दार किलकिलं करून बघितलं, तर बाकावर पेंगत असलेले एक आजोबा पिशवी घेऊन उभे राहिले होते आणि दार कुठल्या बाजूला ते शोधत होते. ताईंनी त्यांना दंडाला धरून पुन्हा बसवलं.

डॉक्टर पाठमोरे होऊन हात धूत होते. हात मघाशीच धुऊन झाले होते, तरी धूत होते.

“अजून एकदा म्हण,” ते म्हणाले.

फलाटरावांनी अजून एकदा म्हटलं. मग डॉक्टरांनी नळ बंद केला, डोळे आणि हात एकाच रुमालाला पुसले आणि स्टूल ओढून समोर बसले.

“अठरा तारखेला स्कूटरवरून मी सोडतो तुला,” ते म्हणाले, “बसने गेलास तर उशीर होईल.”

“बसला कधी उशीर होतो?” फलाटराव म्हणाले, “आकडा दे.”

डॉक्टरांनी चष्मा काढला.